तिकिटावर तिकीट फुकट, आणि महिन्याला साडेसात हजार व्याज

इंदूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. त्या ३४ वर्षांच्या, शाळेत शिकवतात. यजमान ३६, खाजगी नोकरीत. मुलगी सहा वर्षांची. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ५ हजार, घराचं कर्ज अजून २८ लाख. महिन्याला दोन सिनेमे, दोनदा विजयनगरला जेवण, रविवारी छप्पनच्या खाऊगल्लीत पोहे-जलेबी, कधी रात्री सराफा बाजारातलं खाणं आणि उरलेलं ॲपवरून घरी मागवलेलं, असा सगळा खर्च १३ हजार. सासरे म्हणतात, यातच तुमचा पैसा जातो, बंद करा. ताईंनी मधला मार्ग शोधलाय. एक नवं क्रेडिट कार्ड आहे, वार्षिक फी २,९९९. त्यावर महिन्यातून दोनदा एका तिकिटावर दुसरं २५० रुपयांपर्यंत फुकट आणि हॉटेलच्या बिलावर दहा टक्के सूट. घ्यावं का?

ताई, कार्डाचा प्रश्न दोन मिनिटांचा आहे, तो आधी उरकू. तिकिटांचे महिन्याला ५००, अठराशेच्या दोन जेवणांवर ३६०. वर्षाला साधारण दहा हजार. फीवर १८ टक्के जीएसटी धरला की साडेतीन हजार गेले. कागदावर उरले साडेसहा-सात हजार. प्रत्यक्षात यातलं निम्मंही हाती लागलं तर नशीब. अशा तिकिटांचा कोटा ठरलेला असतो आणि शुक्रवार-शनिवारी तो लवकर संपतो. बुकिंगची फी फुकट तिकिटावरही लागते. शिवाय तुमच्या खाण्यातला जो भाग खरा इंदूरचा आहे, सराफ्यातला भुट्ट्याचा कीस आणि थंडीतला गराडू (तळलेला कंद), तिथे क्यूआर कोडवर पैसे द्यायचे असतात. दहा टक्के सूट तिथे कुणी देत नाही. तर कार्ड घेऊ नका.

आता पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता जे लिहिलंय त्याकडे वळतो. सध्याच्या कार्डावर १ लाख ८५ हजार बाकी आहे, “पण आम्ही मिनिमम ड्यूपेक्षा नेहमी जास्तच भरतो, महिन्याला वीस हजार, तरी मार्चपासून बाकी तेवढीच दिसते.” ती का हलत नाही, ते बघा. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे सुमारे ६,५००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणखी अकराशे-बाराशे. झाले ७,६००. त्यात महिन्याचं खाणं-पिणं नि सिनेमा १३ हजार, तेही याच कार्डावर. बेरीज २०,६००. तुम्ही भरता २० हजार. बाकी हलणार कशी?

दुसरी गोष्ट बँक स्टेटमेंटच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत छापते. मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीला ती ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदत मिळत नाही. रविवारी सकाळी स्वाइप केलेल्या पोह्यांवर रविवारपासूनच व्याज सुरू. नव्या कार्डाने वर्षभरात वाचतील म्हणून तुम्ही जे धरलेत, ते जुनं कार्ड एका महिन्यात नेतं. वर्षाचं व्याज ९० हजारांवर जातं. सासऱ्यांचा राग पोह्यांवर आहे, तो चुकीच्या पानावर निघतोय.

मग १ लाख ८५ हजार साठले कुठून? सिनेमातून नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने “एफडीसारखीच, पण टॅक्स फ्री” म्हणून एक पॉलिसी दिली. वर्षाला १ लाख २० हजार, दहा वर्षं, पंधराव्या वर्षाअखेर २१ लाख. विमा १२ लाखांचा. दोन्ही हप्ते त्याच्याच सल्ल्याने कार्डावर भरले, कारण पॉइंट्स मिळतात! पॉइंट्स मिळालेच असतील (विम्याच्या हप्त्यावर बरीच कार्डं देतच नाहीत), तर एक टक्क्याने बाराशे रुपये. त्याच हप्त्यावर एका महिन्याचं व्याज पाच हजार.

त्याने तुम्हाला साडेसात टक्के परतावा सांगितला. तो कसा काढतात तेही सांगतो, कारण हा हिशोब घरोघरी चालतो. भरले १२ लाख, मिळाले २१, नफा ९ लाख, म्हणजे ७५ टक्के. भागिले दहा वर्षं, साडेसात. पैसे पंधरा वर्षं अडकलेत हे त्यात नाही, चक्रवाढ नाही, काहीच नाही. नीट मांडलं तर परतावा साडेपाच टक्क्यांच्या आत येतो. पीपीएफ एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के देतंय, तेही करमुक्त. आणि तुमच्या घरात ही साडेपाच टक्क्यांची पॉलिसी जीएसटीसकट जवळपास पन्नास टक्क्यांच्या उधारीवर चालली आहे. हप्ता पगारातून कधी निघालाच नाही, तो कार्डातून निघाला.

आता काय करायचं. २ लाख १० हजारांची एफडी “अडीअडचणीसाठी, हात लावायचा नाही” असं तुम्ही लिहिलंय. ताई, अडचण आलेली आहे. ती एफडी वर्षाला तेरा-चौदा हजार देते आणि कार्ड ९० हजार नेतं. मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड बहुधा अर्धा ते एक टक्का, म्हणजे हजार-दोन हजारांचा मामला. त्याच दिवशी कार्डाची पूर्ण बाकी भरा. बँक फोन करून बाकीचे हप्ते पाडून देते म्हणेल, १५-१६ टक्क्यांनी आणि वर प्रोसेसिंग फी. एफडी हाताशी असताना त्याची गरज नाही.

हातात २५ हजार उरतील. महिन्याचे २० हजार मोकळे झाले, त्यातले १३ हजार खाणं-सिनेमाला तसेच राहू द्या, पण यूपीआयने, बचत खात्यातून. उरलेले ७ हजार नव्या आवर्ती ठेवीत.

पॉलिसीचं जरा बारकाईने बघावं लागेल. तिसरा हप्ता डिसेंबरात आहे. कार्डावर त्याची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (हप्ता आपोआप कापण्याची सूचना) असेल तर आजच रद्द करा. पण पॉलिसीचा निर्णय घेण्याआधी यजमानांच्या नावाने एक कोटीचा टर्म विमा (नुसतं संरक्षण, परतावा नाही) घ्या. सिगारेट ओढत नसतील तर वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. घरावर २८ लाखांचं कर्ज आणि विमा १२ लाखांचा, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे. नवी पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही. वैद्यकीय तपासणीत काही निघालं तर निदान १२ लाख तरी असावेत. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मुदत असते, तेवढा वेळ पुरतो.

मग विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा. आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती मिळतील, आणि हप्ते थांबवून पेडअप केली तर शेवटी किती मिळतील. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांमुळे पहिल्या वर्षानंतरही सरेंडर मूल्य मिळतं. दोन हप्त्यांनंतर हमीचा तळ भरलेल्या पैशांच्या ३० टक्के, म्हणजे ७२ हजार. कंपनी हिशोब करून देते ते विशेष सरेंडर मूल्य बहुधा त्याच्या बरंच वर असतं, म्हणून शाखेत तोंडी सांगतील तो आकडा धरू नका. निवड अशी करा: सात टक्क्यांनी पैसे पॉलिसीच्या उरलेल्या तेरा वर्षांत साधारण २.४ पट होतात. पेडअपचा आकडा सरेंडर मूल्याच्या २.४ पटींहून जास्त असेल तर पेडअप ठेवा, कमी असेल तर पैसे घेऊन मोकळ्या व्हा. सव्वा लाखाच्या आसपास मिळाले तर ७ हजारांची भर घालत एफडी साधारण वर्षभरात पुन्हा उभी राहते. पेडअप ठेवली तर दोन वर्षं लागतील, नोकरीतला बोनस बाजूला टाकलात तर कमी.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बुडालेलं बुडालं असं मानून इथून पुढचाच हिशोब केला, तर ही पॉलिसी चालू ठेवण्याने साडेसहा टक्क्यांच्या आसपास मिळतात. पगारातून आरामात हप्ता भरणाऱ्याला मी कदाचित “राहू द्या” म्हटलं असतं. तुम्हाला नाही म्हणत, कारण डिसेंबरात तुमच्याकडे १ लाख २० हजार नाहीत.

तक्रार करायची असेल तर “एफडीसारखीच” असं लिहिलेला त्या रिलेशनशिप मॅनेजरचा व्हॉट्सॲप मेसेज जपून ठेवा. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, महिनाभरात समाधान झालं नाही तर भोपाळला विमा लोकपाल, मध्य प्रदेशासाठी तेच कार्यालय आहे, फी नाही. कंपनी पॉलिसी देताना केलेल्या पडताळणी कॉलचं रेकॉर्डिंग पुढे करेल. “सगळ्याला हो म्हणा” असं त्याने सांगितलं होतं ना? तिथेच तक्रार अडते. म्हणून मेसेज महत्त्वाचा.

आणि खाण्याबद्दल. सासऱ्यांसाठी काही कापायचंच असेल तर घरी मागवणं कापा. तुमच्या यादीत ते पावणेचार-चार हजार दिसतं. ॲपवर तोच पदार्थ बऱ्याचदा महाग लावलेला असतो, वर पॅकिंग, प्लॅटफॉर्म फी, आणि पोहे येईपर्यंत शेव मऊ पडलेली. सराफा कापू नका, तिघांचं पाचशेत होतं. सिनेमाला तिघांची तिकिटं आठ-साडेआठशे, पण पॉपकॉर्न-कोल्ड्रिंक, बुकिंग फी, पार्किंग धरून अठराशे होतात. जेवून जा आणि सकाळचा शो बघा. हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगा. तो सक्तीचा करता येत नाही, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हे उचलून धरलंय.

कार्डाची बाकी पूर्ण भरल्यावरही पुढच्या स्टेटमेंटमध्ये काही हजार व्याज येईल. स्टेटमेंटच्या तारखेपासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते असतं. चूक समजून सोडून देऊ नका, तेही पूर्ण भरा. लागोपाठ दोन स्टेटमेंटं शून्य आली की मगच त्या कार्डाने पुन्हा काही घ्या.