औषधांनी न हटणाऱ्या डिप्रेशनसाठी मेंदूत डीबीएस बसवून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की थोरल्या भावाला नऊ वर्षं डिप्रेशन आहे, पाच-सहा गोळ्या बदलून झाल्या, आणि आता कुणीतरी व्हिडिओ पाठवलाय की मेंदूत वायर बसवतात (यालाच डीबीएस, म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात) आणि बटण दाबलं की उदासी जाते. हे खरं आहे का आणि ऑपरेशनच्या मागे लागावं का, असं तुम्ही विचारताय.

मी डॉक्टर नाही. माझ्या आईला पार्किन्सनसाठी डीबीएस बसवलंय आणि तिच्या प्रत्येक सेटिंगच्या वेळी मी शेजारी बसलेली आहे. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आले. म्हणून आधी त्या बटणाबद्दलच सांगते.

आईच्या कॉलरबोनखाली, कातडीच्या आत एक छोटी बॅटरी आहे. तिथून मानेतून, कानामागून वायर वर जाते आणि मेंदूत खोलवर जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीच्या इलेक्ट्रोडला मिळते. तिथे सेकंदाला साधारण १३० वेळा विजेचा बारीकसा ठोका पडतो. यंत्र पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा आई मांडीवर हात ठेवून बसली होती. उजवा हात नेहमीसारखा थरथरत होता. डॉक्टर करंट थोडा थोडा वाढवत गेले आणि मध्येच हात थांबला. आई हाताकडे बघतच राहिली. मग तिने पेन मागितलं आणि सही करून पाहिली. सगळं मिळून दोन मिनिटं. सेटिंग बरोबर आहे हे डॉक्टरांना कुणाला विचारावं लागलं नाही, हातानेच सांगितलं.

डिप्रेशनमध्ये असं सांगणारा हात नसतो. माझ्या मते सगळी अडचण इथेच आहे.

तुमच्या व्हिडिओतली गोष्ट खोटी नाही. २००५ साली टोरांटोमध्ये न्यूरोलॉजिस्ट हेलन मेबर्ग, न्यूरोसर्जन आंद्रेस लोझानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कशानेच गुण न आलेली ही माणसं होती. कपाळामागे खोलवर ‘एरिया २५’ नावाचा भाग आहे, दुःखात असताना तो जास्त चेतलेला दिसतो. त्याच्या शेजारी इलेक्ट्रोड बसवले. करंट सुरू होताच ऑपरेशनच्या टेबलावरच काहींनी सांगितलं की एकदम शांत वाटतंय, खोली उजळल्यासारखी दिसतेय. सहा महिन्यांनंतर सहापैकी चौघांची सुधारणा टिकून होती. वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. पण टेबलावरचा तो हलकेपणा म्हणजे बरं होणं नव्हे. बरं व्हायला महिने लागतात.

पुढे अमेरिकेत मोठी चाचणी झाली. ९० जणांचं ऑपरेशन केलं, त्यातल्या ६० जणांचं यंत्र चालू केलं आणि ३० जणांचं सहा महिने बंदच ठेवलं. कुणाचं चालू आहे हे रुग्णांना माहीत नव्हतं. चालू असलेल्यांपैकी २० टक्के सुधारले, बंद असलेल्यांपैकी १७ टक्के. म्हणजे फरक नाहीच. चाचणी मध्येच थांबवली. पुष्कळ जण इथे वाचन थांबवतात आणि ‘डीबीएस फसलं’ म्हणतात. मला ते पटत नाही, कारण त्याच रुग्णांचं यंत्र पुढे चालू ठेवून, सेटिंग बदलत राहिल्यावर दोन वर्षांनी जवळपास निम्म्यांची लक्षणं अर्ध्यावर किंवा त्याखाली आली होती. अर्थात तेव्हा तुलनेला बंद यंत्राचा गट उरला नव्हता, त्यामुळे तो पक्का पुरावा नाही.

नेदरलँड्समध्ये क्रम उलटा केला. मेंदूतली जागाही वेगळी होती. २५ जणांना आधी वर्षभरापर्यंत सेटिंग जुळवायला वेळ दिला, त्यात १० जणांना चांगला गुण आला. त्यानंतर १६ जणांचं यंत्र त्यांना न कळवता आळीपाळीने चालू-बंद केलं, तेव्हा चालू असताना लक्षणं स्पष्टपणे कमी होती.

आणि आता तो ‘हात’ शोधायचं काम चाललंय. २०२३ साली मेबर्ग यांच्याच गटाने दहा रुग्णांमध्ये इलेक्ट्रोडमधूनच मेंदूचे सिग्नल नोंदवले. सहा महिन्यांच्या आसपास नऊ जण सुधारले होते. बरं होण्याबरोबर सिग्नल एका ठरावीक पद्धतीने बदलतो असं त्यात दिसलं. एका रुग्णाचा आजार उलटला, तेव्हा प्रश्नावलीत दिसण्याच्या काही आठवडे आधीच सिग्नल बिघडला होता. माणसं थोडी आहेत, पण मला खरी आशा इथेच वाटते.

आता भावाबद्दल. डिप्रेशनसाठी हे अजून नेहमीचे उपचार झालेले नाहीत, ते मुख्यतः संशोधनातच मिळतात. तिथे घेण्याआधी विचारतात की प्रत्येक औषध पुऱ्या डोसमध्ये सहा-आठ आठवडे घेतलं का, लिथियम या औषधाची जोड दिली का, समुपदेशन झालं का, आणि ईसीटी (मेंदूला विजेचे झटके देण्याचा उपचार) झाली का. ‘शॉक’ या शब्दाला घाबरून घरचे ईसीटी टाळतात आणि कवटीला भोक पाडायला मात्र तयार होतात, हे मला फार खटकतं. ईसीटी भूल देऊन करतात, काही काळ विस्मरण होऊ शकतं, पण तीव्र डिप्रेशनवर तिच्याइतका भक्कम पुरावा क्वचितच कशाला असेल. थायरॉइड आणि बायपोलर (कधी उदासी तर कधी अतिउत्साह असा आजार) यांचीही नीट तपासणी झालीय का ते पाहा.

ऑपरेशनमध्ये मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका थोडा पण खरा आहे, जंतुसंसर्ग झाला तर यंत्र काढावं लागतं, आणि बॅटरी अचानक संपली तर आजार उसळू शकतो. चाचण्यांमध्ये आत्महत्याही झाल्या आहेत, यंत्र बसवलं म्हणून लक्ष काढून घेता येत नाही. भाऊ आत्ता मरणाच्या गोष्टी बोलत असेल तर आजच त्याच्या डॉक्टरांना किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला गाठा, त्याला एकटं सोडू नका.

तसं नसेल तर या आठवड्यात जुने कागद काढून बसा आणि प्रत्येक गोळीचं नाव, सर्वांत जास्त डोस, किती आठवडे घेतली आणि का बंद केली हे एका कागदावर उतरवा. आईच्या वेळी अशी यादी करताना कळलं होतं की एक औषध तिने जेमतेम दहा दिवस घेतलं होतं, आणि आम्ही वर्षानुवर्षं ‘ते लागू पडलं नाही’ असंच सांगत होतो.