शनिवारी अप्पा बळवंत चौकात जाण्याआधी यादी कापा

तुम्ही लिहिलंय की ज्योतिषाच्या क्लासची पहिली परीक्षा झाली, कुंडली मांडता येते, विंशोत्तरी दशा (जन्मनक्षत्रावरून ठरणारे ग्रहांचे कालखंड) काढता येतात. पुढच्या अभ्यासासाठी यादी केली आहे: बृहत्पाराशर, फलदीपिका, भृगुसंहिता, कृष्णमूर्तींचे सहाही रीडर आणि लाल किताब. शनिवारी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जाऊन यातलं आधी काय घ्यावं, असा प्रश्न आहे.

सगळं एकदम तर अजिबात घेऊ नका. पाराशरी, कृष्णमूर्ती आणि लाल किताब या तीन वेगळ्या पद्धती एकत्र वाचायला घेतल्या की एकाच पत्रिकेची तीन उत्तरं निघतात, आणि माणूस त्यातलं मनाला पटेल ते उचलतो. ही खोड क्लासमधल्या हुशार मुलांना आधी लागते. भृगुसंहिता या नावाने जे जाडजूड ठोकळे विकायला असतात, त्यांत बहुतेक वेळा लग्नवार (जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीप्रमाणे) आणि भाववार (कुंडलीतल्या स्थानाप्रमाणे) ग्रहांची तयार फळं दिलेली असतात. ते लगेच खोडा.

पहिली घ्या ती लघुपाराशरी, जी तुमच्या यादीत नाहीच! जेमतेम बेचाळीस श्लोक, पातळ पुस्तिका, किंमतही किरकोळ. पण ग्रह मुळात शुभ की पाप याच्याही पुढे जाऊन तो या लग्नाला कोणत्या स्थानांचा मालक आहे, हे बघायला ती शिकवते. कर्क लग्नाचा मंगळ घ्या. स्वभावाने पापग्रह, पण पंचम आणि दशम, म्हणजे त्रिकोण (१, ५, ९) आणि केंद्र (१, ४, ७, १०) दोन्हीचा स्वामी, म्हणून योगकारक, म्हणजे विशेष शुभ फळ देणारा. तोच मंगळ मिथुन लग्नाला षष्ठेश आणि लाभेश (सहाव्या आणि अकराव्या स्थानाचा स्वामी) होतो आणि सगळा हिशेब उलटतो. घरातल्या प्रत्येकाच्या पत्रिकेवर बाराही स्थानांचे स्वामी लिहून हे करून बघा. दशा वाचताना याचाच उपयोग होतो.

त्यानंतर मंत्रेश्वराची फलदीपिका. अठ्ठावीस अध्याय आहेत, मांडणी नेटकी आहे, आणि दशा, अष्टकवर्ग (ग्रहांच्या बळाचे गुण), गोचर (ग्रहांचं चालू भ्रमण) सगळं एका जागी मिळतं. आवृत्ती मात्र मूळ श्लोक आणि त्याखाली अर्थ अशीच घ्या. नुसता 'भावार्थ' असेल तर श्लोक कुठे संपला आणि भाषांतरकार कुठे सुरू झाला, ते कळत नाही. बृहत्पाराशर थांबू द्या. त्याच्या छापील प्रतींत अध्यायांची संख्या आणि क्रमसुद्धा जुळत नाही. दोन प्रती शेजारी ठेवून वाचण्याइतकी तयारी झाली की घ्या.

आता कोणतंही फलिताचं, म्हणजे भविष्य सांगण्याचं, पुस्तक दुकानात उभ्याउभ्या कसं तपासायचं ते सांगते. उदाहरण कुंडल्यांचं पान उघडा. जन्मतारीख, वेळ, गाव दिलंय का? नसेल तर ते उदाहरण तुम्हाला पडताळताच येणार नाही. दिलं असेल तर रवी बघा: सूर्योदयाचा जन्म असेल तर रवी लग्नाजवळ, दुपारी बाराचा असेल तर दशमाच्या आसपास, सूर्यास्ताचा असेल तर सप्तमाजवळ हवा. बुध रवीपासून अठ्ठावीस अंशांपलीकडे जात नाही, शुक्र साधारण सत्तेचाळीसच्या पलीकडे नाही. राहू-केतू समोरासमोर. रवी मेषेत आणि शुक्र सिंहेत छापला असेल, तर ती पत्रिका कुणीच तपासलेली नाही. अशा तीन-चार सापडल्या तर पुस्तक परत फडताळात. दुकानदार जरा बघेल तुमच्याकडे, बघू दे.

हा काही आजकालचा चिकित्सकपणा नाही. वराहमिहिराने बृहज्जातकात वज्र आणि यव हे नाभस योग (ग्रहांच्या मांडणीवरून होणारे योग) दिले आहेत. एकात शुभग्रह लग्न-सप्तमात आणि पापग्रह चतुर्थ-दशमात, दुसऱ्यात उलट; रवी पापग्रहांत धरतात, बुध-शुक्र शुभग्रहांत. आणि ते दिल्यावर तो स्वतःच म्हणतो की पूर्वीच्या शास्त्राला धरून मी हे सांगितले, पण सूर्यापासून चौथ्या स्थानी बुध-शुक्र येतील कसे? सहाव्या शतकातला माणूस परंपरा नोंदवतो आणि तिथेच तिचं गणित जुळत नाही हेही सांगतो. बृहज्जातक घ्यायचं ते या वृत्तीसाठी. पण तिसऱ्या क्रमांकावर, आणि भाष्यासकट.

कृष्णमूर्ती पद्धत नंतर, आणि तेव्हा फक्त तीच. अडचण जन्मवेळेची आहे. या पद्धतीत नक्षत्राचे पोटभाग पाडतात, त्यांना 'सब' म्हणतात; रवीचा सब अवघा ४० कलांचा असतो आणि लग्न सरासरी चार मिनिटांत एक अंश सरकतं, म्हणजे तो सब तीन मिनिटांच्या आत संपतो. आपल्याकडे दवाखान्यात वेळ लिहिताना पाच-दहा मिनिटं सहज इकडेतिकडे होतात.

पुण्यात आणखी एक घोळ आहे. घरात टिळक पंचांग असेल, तर त्याचं अयनांश (सायन आणि निरयन राशिचक्रांच्या सुरुवातींतलं अंतर) रैवत पक्षाचं असतं, बहुतेक पंचांगांतल्या चित्रापक्षापेक्षा सुमारे चार अंशांनी कमी. नक्षत्र १३ अंश २० कलांचं, म्हणजे चार अंश हा त्याचा तीन दशांश भाग. दोन्ही पद्धतींत चंद्र शुक्राच्याच नक्षत्रात राहिला, तर वीस वर्षांच्या दशेत जवळजवळ सहा वर्षांचा फरक! पुस्तकातलं उदाहरण जुळत नाही म्हणून हताश होण्याआधी लेखकाने कोणतं अयनांश घेतलंय ते प्रस्तावनेत शोधा. आजी-आजोबांच्या पत्रिका करताना हेही लक्षात असू द्या की १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे घड्याळं एक तास पुढे होती.

फलिताबाहेरचं एकच पुस्तक सुचवते: शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास. १८९६चा, थेट मराठीत लिहिलेला. कोणता ग्रंथ कधीचा आणि कशावर उभा, हे कळल्यावर 'ऋषींनी सांगितलंय' एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही. भाषा जुनी आहे, पण दहा पानांत सवय होते.

आणि हो, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी पुण्यात घेतलेली चाचणीही वाचा. हुशार आणि मतिमंद अशा दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या, सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका बघून गट ओळखायचे होते; सरासरी सेहेचाळीस टक्के बरोबर आल्या, म्हणजे नाणेफेकीइतकंच. आमच्यातले बरेच जण यावर चिडतात. मला वाटतं, शिकणाऱ्याने चिडण्याऐवजी आपल्या वहीत भाकीत तारखेसह आधी लिहावं आणि काय झालं ते नंतर शेजारच्या रकान्यात.

उरलेल्या पैशांत लहिरींच्या एफेमेरिसचे (ग्रहस्थितीच्या कोष्टकांचे) मागच्या वर्षांचे संक्षिप्त खंड आणि लग्नसारणी (वेळेवरून लग्न काढायची कोष्टकं) घ्या. मोबाइलवर सगळं मिळतं हे खरं, पण दहा पत्रिका हाताने केल्याशिवाय पुस्तकातली चूक नजरेत भरत नाही. घरातल्या ज्यांच्या पत्रिका करणार त्यांची जन्मवर्षं चिठ्ठीवर लिहून न्या, कारण कोणता खंड हवा हे दुकानदार पहिल्यांदा विचारेल.