‘कार्यकारी स्मृती’ की ‘कार्यस्मृती’? आणि ‘सॅकेड’ला काय म्हणावे?

प्रश्न असा आहे की, ‘व्हिज्युओस्पेशियल वर्किंग मेमरी’ (पाहिलेल्या गोष्टी आणि त्यांची ठिकाणे काम होईपर्यंत मनात धरणारी स्मृती) या मानसशास्त्रीय संज्ञेसाठी ‘दृक्-अवकाशीय कार्यकारी स्मृती’ असा प्रतिशब्द वाचनात आला, तो योग्य आहे का. आणि त्याच लेखात तसाच ठेवलेला ‘सॅकेड’ (डोळ्यांची एका ठिकाणाहून दुसरीकडे होणारी झटपट हालचाल) हा शब्द मराठीत कसा सांगावा.

‘कार्यकारी’ हे विशेषण येथे चालणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्या हाती कारभार असतो त्याला आपण कार्यकारी म्हणतो. कार्यकारी अभियंता किंवा कार्यकारी मंडळ म्हणताना हाच अर्थ अभिप्रेत असतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या स्मृतीच्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) असा एक कारभारी खरोखरच आहे. ‘सेंट्रल एक्झिक्युटिव्ह’ हे त्याचे नाव, आणि त्याच्या हाताखाली ध्वनी घोळवणारा एक विभाग व दृश्ये आणि ठिकाणे सांभाळणारा दुसरा विभाग काम करतो. ‘कार्यकारी’ हा शब्द त्या केंद्रीय नियंत्रकासाठी राखून ठेवणे भाग आहे. तो सगळ्या स्मृतीला लावला, तर पुढच्याच परिच्छेदात लेखकाची पंचाईत होते. म्हणून ‘कार्यस्मृती’, म्हणजे काम चालू असेपर्यंतची स्मृती, हा शब्द बरा.

या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारा मराठी शब्द मात्र गणितात आहे, तो म्हणजे ‘हातचा’. सत्तावीस आणि पंधरा यांची तोंडी बेरीज करताना सात आणि पाच बारा, बाराचे दोन मांडले, हातचा एक, असे आपण म्हणतो. तो एक कुणी ‘लक्षात ठेवत’ नाही. दशकाच्या घरात मिळवेपर्यंत तो धरलेला असतो, आणि मिळवला की त्याचे काम संपते. ‘ठेवणे’ आणि ‘धरणे’ या दोन क्रियापदांतला हा फरक नेमका आहे. कार्यस्मृतीत वस्तू ठेवल्या जात नाहीत, धरल्या जातात, आणि मुठीत मावतील तितक्याच धरता येतात. दृश्य वस्तूंच्या बाबतीत ही संख्या चारच्या आसपास असल्याचे १९९७ मधील लक आणि व्होगेल या संशोधकांच्या प्रयोगांपासून सर्वसाधारणपणे मानले जाते, जरी त्या आकड्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

आता ‘अवकाशीय’. भूमितीत ‘अवकाश’ ठीक आहे, पण सामान्य वाचकाच्या मनात त्या शब्दाने अंतराळयान तरी उभे राहते, नाहीतर ‘अजून बराच अवकाश आहे’ मधला वेळ तरी. ‘स्थानिक’ म्हणावे, तर तो शब्द निवडणुका आणि रहिवासी यांनी कधीच बळकावला आहे. त्यापेक्षा विशेषण न करता ‘दृक्-स्थान कार्यस्मृती’ असा समास मी पसंत करतो. (शिवाय ‘दृक्’पुढे ‘अवकाश’ आल्यास संधिनियमाने ‘दृगवकाश’ व्हायला हवे, मधल्या आडव्या रेषेने ती अडचण केवळ लपवली आहे.)

या समासातले दोन घटक वेगळे दिसणे शास्त्रीयदृष्ट्याही आवश्यक आहे. ‘दृक्’मध्ये वस्तूचे रूप येते, ‘स्थान’मध्ये तिचे ठिकाण, आणि या दोहोंमध्ये भेद करणारा एक साक्षीदार म्हणजे डोळ्यांची हालचाल. नऊ ठोकळे विखरून मांडावेत, त्यांतल्या काहींवर एका क्रमाने बोट टेकवावे आणि पाहणाऱ्याने तोच क्रम पुन्हा दाखवावा, ही फिलिप कोर्सी यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी आहे. बहुतेक प्रौढांना पाच-सहा ठोकळ्यांपर्यंत ती जमते. अशी ठिकाणे मनात धरलेली असताना डोळे मुद्दाम इकडेतिकडे फिरवायला लावले, तर ती निसटू लागतात. रंग किंवा आकार यांसारख्या रूपाच्या स्मृतीला तितका धक्का बसत नाही. बॅडली यांनी स्वतःचा एक अनुभव सांगितला आहे. अमेरिकेत गाडी चालवताना ते रेडिओवर फुटबॉलचा सामना ऐकत होते. मैदानावरच्या हालचाली डोळ्यांसमोर आणता आणता गाडी मार्गिका सोडू लागली, तेव्हा त्यांना सामना बंद करून संगीत लावावे लागले. प्रतिमानातल्या दृश्ये आणि ठिकाणे सांभाळणाऱ्या विभागाला ते ‘स्केचपॅड’ म्हणतात. मराठीत त्याला ‘पाटी’ म्हणावे, कारण लिहायचे आणि पुसायचे हा पाटीचा धर्म वहीला नाही.

राहिला ‘सॅकेड’. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ हिसका किंवा झटका असा आहे. वाचताना डोळे ओळीवरून घरंगळत जातात असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते थांबत आणि उडी मारत पुढे सरकतात, सेकंदाला साधारण तीन वेळा. ‘दृष्टिक्षेप’ आणि ‘कटाक्ष’ या शब्दांत पाहण्याचा हेतू, क्वचित शृंगारही आहे, म्हणून ते बाद. ‘झटका’ आजाराकडे झुकतो. मला ‘नेत्रझेप’ योग्य वाटते: झेपेला लक्ष्य असते, आणि एकदा घेतली की वाटेत ती सहसा वळवता येत नाही, हे दोन्ही गुण या हालचालीत आहेत. आरशासमोर उभे राहून आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे आणि मग उजव्याकडे पाहावे. डोळे हललेले आपल्याला दिसत नाहीत, शेजारी उभ्या असलेल्याला मात्र स्पष्ट दिसतात. झेपेच्या काळात दृष्टी दबलेली असते, त्याचा हा घरबसल्या पुरावा. दोन झेपांमधल्या थांब्यासाठी ‘नजर खिळणे’ मात्र वापरू नये, कारण खिळलेली नजर लवकर निघत नाही आणि हा थांबा जेमतेम पाव सेकंदाचा असतो. तिथे ‘नजर स्थिरावणे’ पुरे.

तेव्हा अशा लेखातले एखादे वाक्य मी असे लिहीन: ‘एखादे ठिकाण कार्यस्मृतीत धरलेले असताना डोळ्यांनी दुसरीकडे झेप घेतली, तर पाटीवरचे ते ठिकाण पुसट होते.’