मासिकातल्या लेखाचा संदर्भ देताना महिना लिहायचा की नुसतं साल?

एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ठरवलेल्या संदर्भ देण्याच्या) पद्धतीत महिना नसतो म्हणून मार्गदर्शकांनी तुमच्या संदर्भसूचीतले महिने खोडायला सांगितलेत, तर काय करावं, असा तुमचा प्रश्न. खोडू नका.

हाच वाद मी माझ्या प्रबंधाच्या वेळी घातलाय. विषय होता जुनी मराठी नियतकालिकं. ग्रंथालयातले बांधीव खंड म्हणजे दैवाधीन कारभार. बांधणाऱ्याने मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं आधीच फाडून टाकलेली, मग अंक कुठल्या महिन्याचा हे शोधायला पानाच्या डोक्यावरची पुसट ओळ वाचत बसायचं. काही ठिकाणी नुसतं 'माघ, शके १८००'. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शक बदलतो चैत्रात आणि माघ पडतो जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, म्हणजे इथे ७९ मिळवायचे. साल येतं १८७९. पौषाचा अंक असेल तर तिथीही बघावी लागते. आता महिनाच खोडला तर माझं साल बरोबर की चूक, हे पुढच्या माणसाने कशावरून ताडायचं?

सरांनी लाल पेनाने एकूण एक महिना उडवला. म्हणे, एपीएत फक्त साल. अहो, ते शोधपत्रिकेसाठी! तिथे खंड, अंक आणि पृष्ठांकांवर लेख सापडतो, म्हणून साल पुरतं. मासिकाला सालापुढे महिना येतो, साप्ताहिकाला तारीखसुद्धा. मी मॅन्युअल उघडून समोर ठेवलं. "आपल्याकडे असं चालत नाही," एवढंच उत्तर मिळालं. मग मी सगळे महिने तळटीपांत नेऊन बसवले. तळटीपा सरांनी कधी वाचल्याच नाहीत.

दिवाळी अंक असेल तर महिन्याच्या जागी सरळ 'दिवाळी' लिहा. वर्ष-अंक छापलेला नसेल तर पदरचा घालू नका. लेख पुढे पुस्तकात आला असेल आणि तुम्ही पुस्तकच वाचलं असेल, तर पुस्तकाचाच संदर्भ द्या. मासिक न बघता मासिकाचं नाव टाकणं ही शुद्ध लबाडी आहे, आणि ती करणारे ढीगभर आहेत. सूचीत लेखाची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची पानं, मजकुरात मात्र अवतरणाचं नेमकं पान. नियतकालिकाचं नाव तिरप्या टाइपात हवं असतं, पण देवनागरीत ते डोळ्यांना बोचतं. मी ठळक करतो.

हां, विद्यापीठाने स्वतःची नियमावली दिली असेल तर तीच पाळा, सही त्यांचीच लागते. पण मार्गदर्शक एपीएचंच नाव घेत असतील तर मॅन्युअलची सातवी आवृत्ती दाखवा. सहावीतही महिना होताच, तेव्हा 'जुना नियम वेगळा होता' म्हणायचीही सोय नाही.