एफडी ठेवा, तारीख हलवा

पुण्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. लग्नाला पाच वर्षं होतायत म्हणून दोघांनी यंदाचा नाताळ फ्रान्समध्ये काढायचा बेत केलाय. जायचं 22 डिसेंबरला आणि परत यायचं 2 जानेवारीला. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1 लाख 40 हजार. त्यातून घराचा हप्ता 34 हजार, एसआयपी 20 हजार, घरखर्च 48 हजार आणि सासू-सासऱ्यांना 8 हजार जातात. फिरण्यासाठी बाजूला काढलेले 2 लाख 10 हजार आहेत, आणि अडीअडचणीसाठी 4 लाखांची एफडी आहे. सहलीचा अंदाज 4 लाख 80 हजारांचा. म्हणजे तूट 2 लाख 70 हजारांची. त्यांचा प्रश्न एका ओळीत आहे: "एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ?"

ताई, दोन्ही नको. पण "जाऊ नका" असंही मी म्हणत नाहीये. या उत्पन्नावर पाच वर्षांतून एक मोठी सहल ही काही उधळपट्टी नव्हे.

आधी कर्जाचं बघू. 2 लाख 70 हजार, 14 टक्के दर, तीन वर्षं. हप्ता साधारण 9,230 रुपये बसतो आणि व्याजच 62 हजारांच्या वर जातं, प्रोसेसिंग फी वेगळी. तुमच्याकडे महिन्याला 30 हजार शिल्लक राहतात, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा 11 दिवसांच्या सहलीपायी तीन वर्षं बांधून ठेवायचा. लग्नाच्या आठव्या वाढदिवसाला सहल करायची म्हटलं तर तेव्हाही आधी पाचव्याचंच फेडत असाल. एफडी मोडली तर दंडाचे पैसे फारसे जात नाहीत, पण 1 लाख 10 हजार महिन्याचा ठरलेला खर्च असलेल्या घरात 4 लाख म्हणजे जेमतेम साडेतीन महिन्यांची सोय. तेवढीही काढून घेतलीत तर जानेवारीत कुणाची नोकरी डळमळली की पंचाईत. शिवाय व्हिसाच्या फाइलला तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडावं लागतं. न मोडलेली एफडी तिथे तुमच्या बाजूने बोलते. अचानक जमा झालेले पावणेतीन लाख उलट शंका वाढवतात.

आता मला खरं काय खटकलं ते सांगतो. तुमचा आराखडा मी दोनदा वाचला. 23 ते 27 पॅरिस, 27 ते 30 स्ट्रासबर्ग "ख्रिसमस मार्केटसाठी", मग पुन्हा पॅरिस. स्ट्रासबर्गचा तो बाजार 1570 पासूनचा, फ्रान्समधला सगळ्यात नावाजलेला. पण तो नाताळच्या आधीचा बाजार आहे. नोव्हेंबरच्या शेवटी लागतो आणि सहसा 24 डिसेंबरला आवरतो. तुम्ही 27 ला पोहोचाल तेव्हा लाकडी दुकानं उतरवणारे कामगार दिसतील. (आपल्याकडे लक्ष्मीपूजन झाल्यावर आकाशकंदील घ्यायला जाण्यासारखं आहे हे.) पॅरिसमध्ये 25 डिसेंबरला लूव्हर संग्रहालय बंद, 1 जानेवारीलाही बंद, आणि एरवी मंगळवारी बंद असतंच. बरीच छोटी दुकानं आणि उपाहारगृहंही 25 ला बंद असतात. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात महागड्या आठवड्यासाठी पैसे मोजायचे आणि कुलूप पाहून यायचं.

तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की नवऱ्याच्या नऊ रजा 31 डिसेंबरला लॅप्स होतात, आणि 24 पासून त्यांच्या कंपनीचा शटडाउन आहेच. हीच तुमची 50 हजारांची लॉटरी. 10 डिसेंबरच्या गुरुवारी निघा, 21 च्या सोमवारी परत या. यात आठ रजा जातात, ज्या नाहीतरी वाया जाणार होत्या. तुमच्या ऑफिसात तुम्हाला मात्र साहेबांना विचारावं लागेल. ते आज विचारा, नोव्हेंबरात नको.

तुम्ही पाठवलेली तिकिटांची तीन कोटेशनं समोर आहेत. 22 डिसेंबर ते 2 जानेवारी, मुंबई–पॅरिस–मुंबई एकाच तिकिटावर: माणशी 92 हजार. त्याच तारखांना जरा स्वस्त म्हणून पॅरिस–दिल्ली एक तिकीट आणि दिल्ली–पुणे दुसऱ्या कंपनीचं वेगळं तिकीट: माणशी 74 हजार. आणि 10 ते 21 डिसेंबर, मुंबईहून एकाच तिकिटावर: माणशी 66 हजार. तुमचा 4 लाख 80 हजारांचा अंदाज मधल्या कोटेशनवर उभा आहे, आणि तेच मला सगळ्यात महाग वाटतं.

का ते सांगतो. विमान दिल्लीला सकाळी 6 च्या सुमारास उतरणार, पुण्याचं विमान 9 वाजून 10 मिनिटांनी. जानेवारीचा पहिला आठवडा, दिल्लीची पहाट, म्हणजे धुक्याचा ऐन मोसम. विमान वेळेवर उतरलं तरी इमिग्रेशनची रांग, बॅगा घेणं, कस्टम्स, मग दुसऱ्या टर्मिनलची बस, पुन्हा चेक-इन, पुन्हा सुरक्षा तपासणी. हे सगळं तीन तासांत बसतं, पण सगळं सरळ झालं तरच. तिकिटं वेगळी असल्यामुळे पुण्याच्या विमान कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. ती पैसे परत देणार नाही, आणि पॅरिसहून आणणारी कंपनी म्हणणार, आम्ही तुम्हाला दिल्लीला सोडलं, आमचं काम झालं.

हे मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी असंच जोडतिकीट करून आम्ही दोघं परत येत होतो. धुक्यामुळे विमान तीन तास उशिरा उतरलं, पुढचं निघून गेलेलं. थेपले पॅरिसमध्येच संपले होते. बायकोने हौसेने घेतलेलं चीज बॅगेत आणि बॅग पायाशी, त्यामुळे दुपारपर्यंत शेजारच्या दोन खुर्च्यांवर कुणी बसेना. ऐनवेळच्या दोन तिकिटांना 31 हजार मोजले. वाचवले होते 14.

एकाच तिकिटाचा दुसरा फायदा फार लोकांना माहीत नसतो. फ्रान्समधून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला युरोपीय संघाचा 261/2004 हा नियम लागू होतो, कंपनी भारतीय असो की आखाती. 3,500 किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासात कंपनीच्या चुकीने शेवटच्या मुक्कामी तीन तास किंवा अधिक उशीर झाला, तर माणशी 600 युरोपर्यंत भरपाई मागता येते. धुकं किंवा हवाई नियंत्रकांचा संप असेल तर भरपाई नाही, पण ताटकळत ठेवल्यावर जेवण आणि गरज पडल्यास हॉटेल द्यावंच लागतं. आता यातला "शेवटचा मुक्काम" हा शब्द बघा. तो तिकिटावर छापलेला मुक्काम. वेगळ्या तिकिटांत तो दिल्ली ठरतो, तुमचं पुणे त्यात येतच नाही.

तर हिशेब असा. युरो मी मुद्दाम जरा चढा, 110 रुपयांनी धरतो. विमान 1 लाख 32 हजार. व्हिसा माणशी 90 युरो, त्यावर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क, आणि किमान 30 हजार युरोचं कव्हर असलेला प्रवास विमा, मिळून 26 हजार. राहणं दहा रात्री, रात्रीला 110 युरो, 1 लाख 21 हजार. पॅरिस–स्ट्रासबर्ग आगगाडी जाऊन-येऊन दोघांचे 20 हजार. जेवण, मेट्रो, प्रवेशतिकिटं दिवसाला 80 युरो म्हणजे 88 हजार. एकूण 3 लाख 87 हजार.

स्ट्रासबर्गला बाजाराच्या दिवसांत 110 युरोत खोली मिळणं अवघड, विशेषतः शुक्रवार ते रविवार. म्हणून तिथे सोमवार 14 ते गुरुवार 17 असं राहा. तरीही महाग वाटलं तर ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या केलमध्ये खोली बघा. 2017 पासून स्ट्रासबर्गची ट्राम थेट तिथवर जाते. लूव्हरचं मात्र जपून धरा, 2026 च्या जानेवारीपासून युरोपाबाहेरच्या पर्यटकांना तिकीट 32 युरोचं झालंय. दोघांचे सात हजार रुपये. डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे "दिवसाला पाच ठिकाणं" हा बेत आपोआप दोनांवर येईल आणि खर्चही.

पैसे कुठून? हातातले 2 लाख 10 हजार. जुलै ते नोव्हेंबर महिन्याला 25 हजार, ते 1 लाख 25 हजार. एसआयपीला हात न लावता हे जमतं. नवऱ्याचा दरवर्षी मिळणारा दिवाळी बोनस तुम्ही 45 हजार लिहिलाय, तो धरून 3 लाख 80 हजार. सात हजार कमी पडतात, आणि वर 40 हजारांची शिलकी सोबत हवीच. त्यासाठी एफडीवर 50 हजारांची ओव्हरड्राफ्ट मर्यादा, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तसे पैसे उचलायची सोय, मंजूर करून ठेवा. व्याज एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त, तेही वापराल तेवढ्याच पैशांवर आणि तेवढ्याच दिवसांचं. एफडी जागच्या जागी राहते.

बोनस यायच्या आधी तिकीट काढावं लागेल, पण 1 लाख 32 हजार आताच हातात आहेत. हॉटेलं फुकट रद्द करता येतील अशीच घ्या, कारण व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही, निदान बाकीचं तरी वाचेल. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तिथे कार्ड वापरताना मशीनने "रुपये की युरो" विचारलं तर दर वेळी युरो.

राहता राहिली नाताळची रात्र. 24 च्या मध्यरात्री स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रलमध्ये उभं राहणं हीच तुमची मूळ इच्छा असेल, तर तारीख हलवू नका. मग स्ट्रासबर्ग आधी आणि पॅरिस नंतर करा, 92 हजारांचं तिकीट घ्या आणि सहल सात दिवसांची करा. पत्रात तुम्ही बाजाराबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि त्या रात्रीबद्दल एकही नाही, म्हणून मी 10 तारीख सुचवली. दोघांनी बोलून ठरवा. दिल्लीमार्गे येणारं ते कोटेशन मात्र दोन्ही बेतांतून आजच काढून टाका.