सह्या 40, डोकी 31

प्रश्न (इंदूर): प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर 40 सह्या, दुपारी सभागृहात माणसं 31! क्यूआर कोड लावला, तर त्याचा फोटोच व्हॉट्सॲपवर फिरला. काय करावं?

उत्तर: भिंतीवर चिकटवलेला कोड फिरणारच. दर सत्राला नवा कोड पडद्यावर 5 मिनिटं दाखवा, मग त्यातून उघडणारा हजेरीचा फॉर्म बंद करा. पण खरी गळती जेवणानंतरची. छप्पन दुकानसारखी खाऊगल्ली जवळ असेल तर विचारूच नका. म्हणून दुसरी सही दुपारचं सत्र सुरू झाल्यावर 20 मिनिटांनी घ्या. पट रांगेतून सोडू नका, शेजारी दोघांच्या सह्या ठोकतो. स्वयंसेवकानं तो हातात धरून प्रत्येकासमोर न्यावा. नावं आधीच छापलेली हवीत. रिकाम्या रकान्यांवर तिथल्या तिथे रेघ मारा. लगेच डोकी मोजून आकडा आणि वेळ पटाखाली लिहा, प्रशिक्षकाची सही घ्या.