पुरात बुडालेली जीटी४० ची रेप्लिका पुन्हा उभी करतोय. जुनं वायरिंग वाळवून वापरता येईल, की सगळं नव्याने करावं लागेल?

सगळं नव्याने करा. तुम्ही लिहिलंय की गाडी दोन दिवस पाण्यात होती, पाणी स्टीअरिंगच्या वर चढलं होतं आणि बॅटरी जोडलेलीच राहिली. यातलं शेवटचं वाचलं आणि माझ्यापुरता प्रश्न संपला. अजून बॅटरीची तार काढली नसेल तर आधी ती काढा, बाकीचं नंतर वाचा.

जीटी४० ही फोर्डची साठच्या दशकातली रेसची गाडी, आणि हे नाव तिच्या ४० इंच उंचीवरून पडलंय. म्हणजे माणसाच्या कमरेएवढं पाणी आलं की ही गाडी छपरापर्यंत बुडते. साध्या गाडीत निदान डॅशबोर्डमागचं काही कोरडं राहण्याची आशा असते, इथे ती धरू नका. मी उभी केलेली गाडी तुमच्यासारखीच होती: चौकोनी नळ्यांची चासी म्हणजे सांगाडा, फायबरची बॉडी, मागे फोर्डचं आठ सिलिंडरचं ३०२ व्ही८ इंजिन, कार्ब्युरेटरवालं. दीड वर्ष लागलं. त्यातले सात महिने वायरिंगचे, आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असं मला वाटत नाही.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. सेल्फ मारू नका, नुसतं बघायला म्हणूनही नाही. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही. पिस्टन जोरात वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आठही स्पार्क प्लग काढा, आतलं पाणी निघू द्या, प्रत्येक भोकात थोडं पातळ तेल सोडा, एक दिवस मुरू द्या आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका, हेड उघडा. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींचं ऑइल काढा. दुधाळ निघालं की समजा पाणी आत गेलंय. टाकीतलं पेट्रोल वरून स्वच्छ दिसतं, पण पाणी जड असतं, ते तळाशी बसतं, म्हणून टाकी तळापासून रिकामी करा. ब्रेक ऑइल तर पाणी ओढूनच घेतं. डॉट ४ प्रतीचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा धरलेलं १५५ च्या आसपास. रेसच्या गाडीच्या ब्रेकला हा फरक परवडत नाही.

आता वायरिंग. वाळवून का चालत नाही, हे मला पहिल्या आठवड्यात एका तारेने दाखवलं. हेडलाइटच्या कनेक्टरपासून वीतभर अंतरावर मी तार कापली. वरचं प्लास्टिक नव्यासारखं, लवचिक. आतलं तांबं मात्र काळं पडलेलं. आणखी वीतभर पुढे कापली, तरी काळंच. तारेच्या आत बारीक धाग्यांचा जुडगा असतो आणि दिव्याची वात जसं तेल ओढते तसा तो टोकाकडून पाणी ओढत जातो. बाहेरून हवा लागत नाही, त्यामुळे ते पाणी महिनोन्‌महिने आत राहतं.

बॅटरी जोडलेली असेल तर याहून वाईट होतं. पाण्यात बुडालेल्या दोन पिनांमध्ये बारा व्होल्टचा दाब असला की धन बाजूचं धातू विरघळायला लागतं. माझ्या फ्यूजबॉक्समधल्या एका पिनेला मी नखाने नुसतं टोकरलं, ती हिरवी भुकटी होऊन तळहातावर पडली. तिच्या शेजारची अर्थची, म्हणजे करंट बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणाऱ्या वाटेची पिन जवळपास शाबूत होती. समुद्राचं पाणी असेल तर हा प्रकार आणखी कितीतरी लवकर होतो.

मल्टिमीटर पिक्‌ वाजला म्हणजे तार चांगली, असं समजू नका. वीस धाग्यांपैकी एकच धागा उरला तरी तो वाजतो. ५५ वॅटचा हेडलाइट साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. त्या वाटेत अर्धा ओहम अडथळा आला तर दोन व्होल्ट तिथेच जातात, आणि मीटरवर तो अर्धा ओहम नगण्य वाटतो. तपासायचं असेल तर दिवा चालू ठेवून तारेच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजा. ०.२ च्या वर गेले तर ती वाट खराब.

तरीही जुना हार्नेस, म्हणजे गाडीतल्या सगळ्या तारांचा एकत्र जुडगा, ओरबाडून फेकू नका. रेप्लिकाची खरी अडचण इथे आहे: तिला कारखान्याचा आराखडा नसतो. कुणीतरी एका माणसाने गॅरेजमध्ये आपल्या डोक्याने तारा ओढलेल्या असतात. मी अख्खा हार्नेस एकसंध बाहेर काढला, प्लायवूडच्या फळीवर गाडीच्या आकारात पसरला आणि खिळ्यांनी अडकवला. ठिकठिकाणी कागदी चिकटपट्टीचे तुकडे होते, त्यावर पेनने लिहिलेलं. शाई पसरली होती, तरी ‘मागचा डावा, ब्रेक’ एवढं वाचता आलं. हा माणूस मला कधी भेटलेला नाही, पण त्याचं अक्षर आता मी कुठेही ओळखेन. दोन तारा कुठेच जात नव्हत्या. जवळजवळ सगळं वायरिंग लाल होतं. मी प्रत्येक तार शेवटापर्यंत बोटाने धरून नेली आणि मगच कागदावर काढली. तीन आठवडे गेले. पुढचं सगळं काम त्या कागदावर उभं राहिलं.

१९६८ आणि १९६९ अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली १०७५ क्रमांकाची चासी तुमच्या दारात असती, तर एकेक तार मुळात होती तशीच जपावी लागली असती. तुम्हाला ते बंधन नाही. रेप्लिकेत वायरिंग योग्य पद्धतीने करायची मोकळीक आहे, ती पुरेपूर घ्या. रंग मात्र मी जुन्या ब्रिटिश पद्धतीचेच घेतले, कारण जीटी४० इंग्लंडमध्ये स्लाव इथे बनत होती आणि ही पद्धत आजही पुष्कळ लोक वाचू शकतात: थेट बॅटरीची तपकिरी, इग्निशनची पांढरी, इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली हिरवी, कायम चालू पण फ्यूज असलेली जांभळी, पार्किंगची लाल, हेडलाइटची निळी, अर्थ काळी. तुमच्यानंतर जो कुणी ही गाडी उघडेल त्याला चिकटपट्ट्या वाचत बसावं लागणार नाही.

अर्थ हा या गाडीतला सगळ्यात मोठा विषय आहे, आणि पूर नसता आला तरी मी यावर एवढंच लिहिलं असतं. पत्र्याच्या गाडीत बॉडी हीच परतीची वाट असते. दिवा बोल्टने कसला की काम झालं. फायबरमधून करंट जात नाही. प्रत्येक दिव्याला, प्रत्येक हॉर्नला स्वतःची काळी तार हवी. आधीच्या माणसाने मागच्या दिव्याची अर्थ इंडिकेटरला, इंडिकेटरची नंबरप्लेटच्या दिव्याला अशी साखळी केली होती. तिच्यातला एक सांधा गंजला की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटतो, कारण करंट परतीची दुसरी वाट शोधतो. मी पुढे एक आणि मागे एक असे दोन पितळी खुंट बसवले, सगळ्या अर्थ तिथे आणल्या आणि दोन्ही खुंट जाड केबलने बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडले. इंजिनाला वेगळी जाड केबल दिली, चासीच्या भरवशावर सोडलं नाही. चासीवर पावडरकोट, म्हणजे भाजून बसवलेला रंगाचा थर असतो, तो करंट अडवतो, हे पुष्कळजण विसरतात.

बॉडीचे पुढचे आणि मागचे मोठे भाग बिजागरीवर उघडतात, तिथे तारा दर वेळी वाकतात. त्या ठिकाणी बारीक धाग्यांची तार घ्या, सैल वळण ठेवा आणि एकच पाणीरोधक कनेक्टर द्या, म्हणजे तो भाग पूर्ण उतरवता येईल. टोकं झाळू नका. झाळ जिथे संपते तिथे तार कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. टोकं तारेवर दाबून बसवणारा रॅचेटचा चांगला क्रिंपिंग पाना घ्या, वरून आत गोंद असलेली आकसणारी स्लीव्ह चढवा. फ्यूज तारेच्या जाडीप्रमाणे निवडा, कारण तो तार वाचवण्यासाठी असतो. मुख्य कटऑफ स्विच सहा टोकांचा घ्या. नुसती बॅटरी तोडणारा दोन टोकांचा असेल तर चालू इंजिन अल्टरनेटरच्या जिवावर चालूच राहतं, आणि अपघातात तुम्हाला ते थांबवायचं असतं.

एक गोष्ट मात्र वायरिंगच्या आधी करा. मी उशिरा केली आणि बसवलेला निम्मा हार्नेस परत काढावा लागला. या गाड्यांत अॅल्युमिनियमचे पत्रे चासीच्या नळ्यांवर रिव्हेटने ठोकलेले असतात आणि प्रत्येक रिव्हेटचं भोक नळीच्या पोटात उघडतं. पुराचं पाणी तिथून आत शिरतं, बाहेर पडत नाही. माझ्या गाडीच्या खालच्या नळीला सगळ्यात सखल जागी मी बारीक भोक पाडलं. पूर ओसरून चार महिने झाले होते, तरी त्यातून वाटीभर तांबूस पाणी आणि गाळ आला. नळ्यांवर लहान हातोडीने टकटक करत जा. खणखणीत आवाज बदलून बद्द झाला की तिथे कॅमेरा आत घाला. दोन ठिकाणी मला तुकडा कापून नवा वेल्ड करावा लागला. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन, गरम हवेने वाळवून आतून मेण फवारलं. ज्या नळीवर सीटबेल्ट कसलेले असतात ती तर दोनदा तपासा.

सगळं बसवल्यावर पहिल्यांदा बॅटरी जोडताना धन तारेत एक जुना हेडलाइटचा बल्ब मध्ये घाला. कुठे शॉर्ट असेल तर धूर न येता तो बल्ब पेटतो. सगळे फ्यूज काढून ठेवा आणि एकेक घालत जा. मी पहिले चार फ्यूज घातले, बल्ब अंधारा. पाचवा ब्रेकलाइटचा. पेडल दाबलं आणि बल्ब लख्ख पेटला. मागच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे ती चिकटपट्टी सापडली होती तिथेच, पत्र्याखाली माझीच नवी तार चिमटली गेली होती. रिव्हेट काढला, तार बदलली, कडेला रबर लावलं. पुन्हा पेडल दाबलं, तेव्हा मागचे दोन्ही दिवे लाल झाले आणि मधला बल्ब जेमतेम धुगधुगला. दोन लहान दिव्यांचा करंट तेवढाच असतो. मग सहावा फ्यूज घातला.